एस्साविराला जाऊन थुयाच्या लाकडाची पेटी घ्यायची असेल तर

मोरोक्कोला जाणारे बहुतेक जण मराकेशहून सकाळी निघून संध्याकाळी परत, असं एस्साविरा उरकतात. तुम्ही एक रात्र तरी राहा. रेल्वे इथवर येत नाही, बसला तीनेक तास लागतात आणि दुपारच्या गर्दीत कारागिराला तुमच्याशी बोलायला सवड नसते. गाव अठराव्या शतकात सुलतान सिदी मोहम्मद बिन अब्दल्लाहने आखून वसवलं. मुख्य रस्ते सरळ आहेत, वाटाड्याची गरज नाही.

सकाळी समुद्राकडच्या तटावर, स्कालावर जा. वर जुन्या तोफा ओळीने मांडल्यात. त्या बघून झाल्या की तटाखालच्या कमानींकडे वळा. तिथल्या लहान लहान खोल्यांत थुया नावाच्या झाडाच्या लाकडाचं काम चालतं. मी सुताराची मुलगी, भुशातच वाढले, पण असा वास कुठल्याच लाकडाला पाहिला नाही: गोडसर, राळेचा, बोटांना चिकटून राहणारा.

वस्तू निवडताना घाई नको. थुयाच्या खोडाच्या लाकडावर साध्या रेघा असतात. किंमत असते ती बुंध्याशी, जमिनीखाली वाढणाऱ्या गाठीला. तिच्यावर बारीक, गडद ठिपके दाटीने दिसतात. पेटीची कड बघा. वरचे ठिपके कडेवरून खाली उतरत असतील तर लाकूड भरीव. कडेलाच तुटत असतील तर वर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलाय. मग झाकण उघडमीट करा, बिजागरी सैल नाही ना बघा, तळ उलटा करून सांधे तपासा. लिंबाच्या लाकडाचं किंवा शिंपल्याचं जडावकाम असेल तर डोळे मिटून त्यावर नख फिरवा. चांगल्या कामात नख अडकत नाही. आरशासारखं चकचकीत वॉर्निश असेल तर पॉलिश न केलेला तुकडा मागून घ्या आणि तो हुंगा.

भाव विचारायला ‘ब्शहाल?’ पुरे. घासाघीस चालते, पण माझं कळकळीचं सांगणं आहे की दहा स्वस्त की-चेन घेण्यापेक्षा एकच नेटकी पेटी घ्या, आणि जो समोर बसून लाकूड घासतोय त्याच्याकडूनच घ्या. थुया तोडला तरी बुंध्यातून पुन्हा फुटतो. गाठ उपटली की ते झाड संपलं. इतक्या महागात पडलेलं लाकूड हलक्या कामात वाया जाऊ नये.

उन्हाळ्यातही वारा सोसाट्याचा असतो, जाकीट न्या. शाकाहारी असाल तर भाज्यांचा ताजीन (मातीच्या भांड्यात मंद शिजवलेली रस्साभाजी) मागवताना रस्सा मांसाचा नाही ना, हे विचारून घ्या.

घरी आल्यावर पेटी उन्हात किंवा एसीच्या झोतात ठेवू नका, लाकूड तडकतं. पावसाळ्यात झाकण फुगून घट्ट बसलं तर जोर लावू नका, पॉलिशपेपरही मारू नका; हवा कोरडी झाली की ते आपोआप सुटतं.