मंडईच्या दिवशी गावचं प्रदर्शन: पोळ्यापासून करायची तयारी

आमच्या धानपट्ट्यात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे, दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, दिवसा दंडार, म्हणजे इथलं लोकनाट्य, आणि रात्री नाटक. गावातल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायला यापेक्षा चांगला दिवस मला दिसत नाही. आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन १८ मे रोजी असतो, पण तेव्हा आपल्याकडे उन्हाचा कहर आणि शाळेला सुट्ट्या. मंडईला मात्र बघणारे आपल्या पायांनी येतात, आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरची वस्तू आत मांडलेली असते. गेली दोन वर्षं आम्ही शाळेच्या दोन खोल्यांत असं प्रदर्शन भरवलं. यंदा दुसऱ्या गावांतली पोरं विचारायला आली, म्हणून सगळं लिहून काढतोय.

सुरुवात तान्ह्या पोळ्याला करा. त्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात. वही घेऊन त्यांच्या मागे चाला आणि कुणाचा बैल आजोबांच्या वेळचा, कुणाचा कोणत्या सुताराने घडवलेला, हे टिपून घ्या. मागायची घाई करू नका, नुसतं लिहा. त्याच आठवड्यात बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, जाऊन रोवणीची (धानाच्या लावणीची) गाणी येणाऱ्या बायांची नावं घ्या. रोवणा संपलेला असतो, हात जरा मोकळे असतात, म्हणून गाणी याच दिवसांत रेकॉर्ड करून घ्या. धानकापणी सुरू झाली की कुणालाच बसायला वेळ नसतो. रेकॉर्ड करताना पंखा बंद, मोबाईल विमान मोडवर, आणि गाणं मधे थांबवून अर्थ विचारायचा नाही. अर्थ नंतर विचारा.

मग घरं ठरवा. इथे पहिल्या वर्षी आमचं चुकलं. जुन्या वस्तू म्हटल्यावर आम्ही सरळ वाड्यांत गेलो आणि तलवार, पानदान, झुंबर गोळा केलं. प्रदर्शन छान दिसलं, पण अर्ध्या गावाला त्यात आपलं काही सापडलं नाही. दुसऱ्या वर्षी टोलीटोलीने, म्हणजे वस्तीवस्तीने, फिरलो. ढिवरांकडे मासे धरायचे बांबूचे सापळे आणि जाळी विणायच्या सुया मिळाल्या. एका घरातून धान मोजायचा कुडो मिळाला, एका घरातून चिन्नोर, लुचई आणि दुबराज या धानाच्या जुन्या वाणांचं बियाणं. आणि बौद्ध वस्तीतल्या एका घरातून एक पांढरी साडी मिळाली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा घ्यायला गेलेल्या आजीने ती त्या दिवशी नेसली होती, आणि नंतर पेटीत ठेवली ती ठेवलीच. त्या साडीसमोर जितकी माणसं थांबली तितकी तलवारीसमोर कधी थांबली नव्हती. तुमच्या यादीत गावातल्या प्रत्येक टोलीतली निदान एक वस्तू असल्याशिवाय पुढचं काही करू नका.

वस्तू आणायच्या आधी नोंदवही तयार ठेवा. माझ्या मते सगळ्या तयारीत सर्वांत महत्त्वाची वस्तू तीच. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक, देणाऱ्याचं नाव, वस्तू त्यांच्याकडे कशी आली, आधीच कुठे तडा, कुठे डाग, कुठे भोक, परत द्यायची तारीख आणि दोघांच्या सह्या. देणाऱ्याच्या हातात वस्तू असलेला फोटो त्यांच्याच अंगणात काढा. क्रमांकाची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधा, सेलोटेप किंवा डिंक लावू नका आणि वस्तूवर पेनने लिहू नका. नोंदीची एक प्रत देणाऱ्याला द्या. सोनं-चांदी कुणी आग्रहाने दिली तरी घेऊ नका, रात्री राखायला कुणाला झोप लागणार नाही.

काही गोष्टी मुळीच हलवायच्या नाहीत. शेतातली, पारावरची, पडक्या देवळाजवळची कोरीव शिळा जिथे आहे तिथेच राहू द्या आणि तिचा मोठा फोटो लावा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांसाठी नियम आहेत, आणि १८७८ च्या कायद्यानुसार जमिनीत गाडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शिवाय शिळा जागेवर असली तरच बोलते. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला १९६९-७० मध्ये जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झालं तेव्हा मातीतून स्तूप कळला, कारण दगड जिथे पडले होते तिथे ते मिळाले. गोंड घरांतल्या देवांच्या वस्तूंचंही तसंच. त्या मागूही नका. कुणी आपणहून दाखवायची इच्छा धरली तर आधी त्यांच्या जाणत्या माणसांना विचारून या.

आता भांडी. पितळेसाठी भंडाऱ्याचं नाव पूर्वीपासून आहे, त्यामुळे भांडी भरपूर येतील. पहिल्या वर्षी आमच्या पोरांनी उत्साहाने एक मोठं गंज, म्हणजे भात शिजवायचं पातेलं, चिंच-राखेने घासून लख्ख केलं. ज्यांचं होतं त्या काकू आल्या, बघितलं आणि गप्प झाल्या. त्या गंजाच्या बुडाला त्यांच्या सासूच्या हातच्या कितीतरी लग्नांच्या भाताची काजळी होती, ती आम्ही नाल्यात सोडली होती. तेव्हापासून आमचा नियम आहे: कोरड्या मऊ फडक्याने धूळ झटकायची, त्यापुढे हात लावायचा नाही. भांड्याच्या काठावर कोरलेली नावं मात्र भिंगातून वाचा. कुणाच्या लग्नात कुणी आंदण दिलं, कोणत्या गावाहून, कोणत्या तारखेला. पाच घरांची भांडी शेजारी शेजारी ठेवली आणि त्यावरची गावं नकाशावर मांडून दोऱ्याने जोडली, तर गावच्या सोयरिकीचं जाळं भिंतीवर उभं राहतं. आम्ही तसं केलं आणि एका म्हाताऱ्या आजोबांनी दोन दोरे दुरुस्त करून दिले.

कापडाला सर्वांत जास्त जपा. करवती साडी, म्हणजे करवतीच्या दातांसारख्या किनारीची कोशाची (टसर रेशमाची) साडी, जुन्या घडीवरच पुन्हा घडी घातली की तिथून फाटते. पीव्हीसी पाईपला धुतलेलं पांढरं सुती कापड गुंडाळा आणि त्यावर साडी सैल वळवा. टाचण्या मारून भिंतीवर टांगू नका. ऊन येतं त्या खिडकीला जाड पडदा लावा. संग्रहालयांत जुन्या कापडावर आणि कागदावर साधारण ५० लक्सच प्रकाश ठेवतात, म्हणजे आपल्या ट्यूबलाइटच्या उजेडाहून बराच कमी. लक्स मोजता येत नसेल तर दिवा कापडापासून दूर भिंतीकडे वळवा. काचेला चिकटलेले जुने फोटो फ्रेममधून ओढून काढू नका. तिरपा मोबाईल धरून चकाकी टाळत फोटो घ्या, छापून आणा, तीच प्रत लावा आणि मूळ फोटो घरच्या भिंतीवरच राहू द्या. लाकडी बैलातून भुसा गळताना दिसला तर तो पॉलिथिनमध्ये बांधून वेगळा ठेवा, नाहीतर कीड शेजारच्या बैलात जाईल. टेबल भिंतीला टेकवू नका, वाळवी भिंतीवरूनही चढते.

चिठ्ठ्या लिहायला चार रात्री तरी राखून ठेवा. ‘धान्य मोजण्याचे माप, पितळ’ एवढं लिहिलं की माणूस पुढे जातो. देणाऱ्याचं वाक्य त्यांच्याच बोलीत लिहा, ण चा न झाला तरी तसाच ठेवा: ‘ह्या पायलीनं माज्या सासूनं लोकाईच्या घरची मजुरी मोजून आनली.’ त्याखाली आपल्या दोन ओळी. सगळं मिळून पन्नास शब्दांच्या आत, आणि अक्षर दोन हातांवरून वाचता येईल एवढं मोठं. क्रोएशियात झाग्रेब शहरात तुटलेल्या नात्यांचं एक संग्रहालय २०१० पासून आहे. तिथे कुणाचाही साधा कप, पत्र, बूट असतो आणि शेजारी तो देणाऱ्याने स्वतः लिहिलेली गोष्ट. माणसं ती गोष्ट वाचायला जातात. भोपाळच्या मानव संग्रहालयात आदिवासींची घरं त्या त्या समाजाच्या लोकांनीच येऊन बांधली आहेत. आपल्याकडे तर घरंही इथलीच आणि माणसंही, मग चिठ्ठीवरचा शब्द परका कशाला?

वाचता न येणाऱ्यांसाठी ऐकण्याचा कोपरा करा. क्यूआर कोडचा मोह आम्हालाही झाला होता. मंडईच्या गर्दीत गावचं नेटवर्क बसतं आणि आजीकडे स्मार्टफोन नसतो, म्हणून मेमरी कार्ड घातलेले चार साधे स्पीकर आणि चार बटणं यावर भागवा. एक टेबल हात लावायचं ठेवा: जातं, सूप, कुडो, मुसळ. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ पासून दृष्टिहीनांसाठी स्पर्शाने पाहायचं दालन आहे, आणि आपल्या टेबलाशी तर पोरांचीच रांग लागते. या टेबलावर फक्त देणाऱ्याने तशी परवानगी दिलेल्या, झिजल्याने बिघडणार नाहीत अशाच वस्तू ठेवा. चित्रं आणि फोटो मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीला लावले तर पोरांना मान वर करावी लागते, म्हणून निम्मे चौथीच्या पोराच्या उंचीला लावा. एक बाक ठेवा. बसायला मिळालं की म्हातारी माणसं बोलायला लागतात, तेव्हा शेजारी वही घेऊन कुणीतरी हवं.

आदल्या दिवशी वायरमनकडून बोर्ड तपासून घ्या, इन्व्हर्टर चार्ज ठेवा, एका दाराने आत आणि दुसऱ्याने बाहेर अशी वाट ठरवा, पाण्याचा माठ दाराबाहेर ठेवा. नाटकाच्या आधीच्या दोन तासांत सर्वांत जास्त गर्दी होते, तेव्हा प्रत्येक टेबलाशी एक पोरगा आणि एक पोरगी उभी असावी, आणि त्यांना त्या टेबलावरच्या प्रत्येक वस्तूच्या मालकाचं नाव तोंडपाठ असावं.

मंडई संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी झोप न घेता वस्तू परत करायला निघा. बोलावू नका, घरी जा. वहीतल्या नोंदीशी वस्तू ताडून पाहा, सही घ्या. वस्तूसोबत तीन गोष्टी द्या: अंगणातला फोटो, बोलीत लिहिलेली चिठ्ठी आणि त्यांच्या आवाजाचं मेमरी कार्ड. पांढऱ्या साडीची चिठ्ठी आता त्या आजीच्या नातीने साडीसोबतच पेटीत ठेवली आहे.