व्हिडिओ अडकतोय? कोडेक पॅक टाकण्याआधी या चुका टाळा

लग्नसराई संपत आली की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून एकच तक्रार सुरू होते: स्टुडिओनं दिलेला व्हिडिओ घरच्या कॉम्प्युटरवर नीट चालत नाही. कुठे चित्र अडकतं, कुठे आवाज पुढे पळतो, कुठे नुसता आवाज येतो आणि पडदा काळाच. माणूस माझ्याकडे येईपर्यंत नेटवर सापडेल ते टाकून बसलेला असतो. मग मूळ दुखणं काय होतं हे शोधायलाच निम्मा वेळ जातो. त्याच त्या चुका बघून कंटाळा आलाय, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतो.

एमपी४ किंवा एमकेव्ही हा नुसता डबा. आत चित्र दाबून भरायची पद्धत, म्हणजे कोडेक, कोणती आहे, एच.२६४, एचईव्हीसी की एव्ही१, त्यावर सगळं ठरतं. डबा उघडून चित्र आणि आवाज वेगळा करतो तो स्प्लिटर, दाबून भरलेलं चित्र उलगडतो तो डिकोडर, आणि उलगडलेलं चित्र पडद्यावर मांडतो तो रेंडरर. गडबड यातल्या कुठल्या टप्प्यावर आहे हे कळल्याशिवाय एकाही सेटिंगला हात लावू नका. व्हीएलसी, एमपीसी-एचसी आणि एमपीव्ही हे व्हिडिओ चालवणारे प्लेअर. व्हीएलसीमध्ये कंट्रोल आणि जे दाबलं की आतला कोडेक दिसतो. एमपीसी-एचसीमध्येही तीच बटणं दाबली की चालू व्हिडिओवरच आकडे येतात. एमपीव्हीमध्ये नुसतं आय दाबायचं. दहा सेकंदांचं काम आहे, पण ते कोणी करत नाही.

एकावर एक कोडेक पॅक

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते. कोडेक पॅक म्हणजे बऱ्याच डिकोडरांचा एकत्र गठ्ठा. एक पॅक टाकून काम झालं नाही की दुसरा, त्यावर तिसरा. विंडोजमधल्या व्हिडिओ चालवायच्या डायरेक्टशो पद्धतीत प्रत्येक डिकोडर आपला मान, म्हणजे 'मेरिट', नोंदवून ठेवतो आणि ज्याचा मान मोठा तो आधी पुढे येतो. जुना पॅक तुम्ही विसरलात तरी तो मधे येऊन बसलेलाच असतो.

शहापूर भागातल्या एका स्टुडिओतली गोष्ट सांगतो. नवरी गोकाककडची, नवरा खानापूरचा, म्हणून व्हिडिओला मराठी आणि कन्नड अशी दोन सबटायटल्स केली होती. घरची मंडळी बघायला बसली आणि प्रत्येक ओळ दोनदा दिसायला लागली, एकीवर एक चढलेली. स्टुडिओवाल्याला वाटलं, एक्स्पोर्ट करतानाच चुकलं. त्यानं रात्रभर मशीन चालू ठेवून अख्खा व्हिडिओ पुन्हा काढला. सकाळी परत तेच. मला फोन आला, "अण्णा, सॉफ्टवेअरच बिघडलंय बघा, नावं डबल येतात."

गेलो तर घड्याळाशेजारी दोन-तीन अनोळखी चिन्हं बसलेली. फाइल व्हीएलसीमध्ये उघडली, ओळ एकदाच दिसली. म्हणजे फाइलमध्ये खोट नव्हती. एमपीसी-एचसीमध्ये प्ले मेन्यूतलं फिल्टर्स उघडलं तर तिथं एफएफडीशो हा जुना डिकोडर आणि डायरेक्टव्हॉबसब हा सबटायटल दाखवणारा फिल्टर, दोघेही रांगेत उभे. विंडोज ७ च्या काळात कोणीतरी टाकलेला पॅक, मशीन अपग्रेड झालं तरी तसाच राहिलेला. प्लेअर आपली सबटायटल्स काढत होता आणि डायरेक्टव्हॉबसब त्याच्याच खाली स्वतःची. कंट्रोल पॅनेलमधून सगळे पॅक काढले, मशीन रीस्टार्ट केलं, एकच नवीन एमपीसी-एचसी टाकला. ओळी एकदाच यायला लागल्या. रात्रभराची वीज आणि झोप मात्र गेली ती गेलीच.

माझी पद्धत सरळ आहे. व्हीएलसी आपले डिकोडर स्वतःबरोबरच आणतो, विंडोजमधल्या पॅकशी त्याचा संबंध नाही. म्हणून 'व्हीएलसी चालत नाही, कोडेक पॅक टाकतो' हे बोलणंच मुळात चुकीचं. एमपीव्हीचंही तसंच. आणि एमपीसी-एचसी वापरत असाल तर एलएव्ही फिल्टर्स, म्हणजे लागणारे स्प्लिटर आणि डिकोडर, त्याच्या आतच असतात, वेगळं काही शोधायला लागत नाही. फक्त मूळ एमपीसी-एचसीचं काम २०१७ मध्ये १.७.१३ या आवृत्तीवर थांबलं, हे लक्षात ठेवा. आज वापरायची ती त्यापुढे दुसऱ्यांनी चालू ठेवलेली आवृत्ती. अजून कितीतरी मशीनवर मी २०१७ चीच बघतो.

'हार्डवेअर डिकोडिंग चालू केलं की झालं'

नाही होत. ग्राफिक्स चिपला जे उलगडता येतं तेवढंच ती उलगडते, बाकीचा भार प्रोसेसरवर पडतो. इंटेलचं बघितलं तर चौथ्या पिढीचा जुना लॅपटॉप एच.२६४ सहज चालवतो, पण एचईव्हीसीला धापा टाकतो. एचईव्हीसीचं साधं ८-बिट (बिट जास्त तितक्या रंगाच्या छटा बारीक) सहाव्या पिढीपासून चिपवर चालतं, १०-बिट सातव्या पिढीपासून, आणि एव्ही१ अकराव्या पिढीपासून. घरातला लॅपटॉप कितव्या पिढीचा हे प्रोसेसरच्या नावातच असतं, तेवढं वाचा की.

दुसरी भानगड आता लग्नाच्या कॅमेऱ्यांनी आणलीय. चांगले कॅमेरे आज १०-बिट ४:२:२ मध्ये, म्हणजे नेहमीच्या ४:२:० पेक्षा रंगाची जास्त माहिती ठेवून, शूट करतात. रंग सुधारायला ते उत्तमच. पण एच.२६४ चं १०-बिट ४:२:२ आजही बहुतेक ग्राफिक्स चिपना उलगडता येत नाही. घरचे लोक हट्टानं 'ओरिजिनल फाइल द्या' म्हणतात, स्टुडिओवाला हार्डडिस्क भरून देतो, आणि मग ती कुठेच धड चालत नाही. यात प्लेअरची चूक नाही, सेटिंगचीही नाही. ओरिजिनल जपून ठेवा, पण बघण्यासाठी स्टुडिओकडून एच.२६४, ८-बिट, ४:२:० अशी एक प्रत मागून घ्या. स्टुडिओ देत नसेल तर हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून घरीच काढा, वेळ लागेल पण निघेल.

याच गोंधळात लोक दुकानात जाऊन ग्राफिक्स कार्ड घेऊन येतात. व्हिडिओ अडकतो म्हणून जीटी ७१० घेतलेली माणसं मला किती भेटली! ते कार्ड एचईव्हीसी उलगडतच नाही. नावाला जवळचं वाटणारं जीटी १०३० मात्र १०-बिट एचईव्हीसी उलगडतं. पैसे द्यायच्या आधी पाच मिनिटं वाचलं असतं तर बरं झालं असतं, हे मग दुकानदारावर ओरडून काय उपयोग?

चिप खरंच काम करतेय का ते टास्क मॅनेजरमध्ये दिसतं. परफॉर्मन्समध्ये जीपीयू निवडा, 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख वर जातोय का बघा. तो तळाशी पडलेला आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर, तर भार कोणावर आहे ते कळलं. व्हीएलसीमध्ये ही सेटिंग प्रेफरन्सेसच्या इनपुट आणि कोडेक्समध्ये आहे. बदलल्यावर प्लेअर बंद करून पुन्हा उघडा. न उघडताच 'काही फरक नाही' म्हणणारे पुष्कळ.

काळा रंग राखाडी दिसतो

शिवजयंतीच्या देखाव्यात किंवा गणपतीत मंडळाच्या मांडवात लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला की हे हमखास होतं. रात्रीचा प्रसंग धुरकट दिसतो, आणि कोणीतरी लगेच प्रोजेक्टरचा काँट्रास्ट पिळायला घेतो. मग उजेडातले चेहरे पांढरे पडतात. व्हिडिओत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पातळी १६ ते २३५ अशी असते, कॉम्प्युटरच्या पडद्याला ० ते २५५ लागते. एचडीएमआयवरून पाठवणारा एका मोजमापात पाठवतो, घेणारा दुसऱ्यात वाचतो, आणि काळा वर उचलला जातो. ग्राफिक्स कार्डच्या कंट्रोल पॅनेलमध्ये आउटपुट डायनॅमिक रेंज, इंटेलकडे क्वांटायझेशन रेंज अशी सेटिंग आहे. तिथं फुल आणि लिमिटेड दोन्ही करून बघा, प्रोजेक्टरशी जे जुळेल ते ठेवा. काँट्रास्ट मूळ जागेवर आणा. आणि हे सगळं संध्याकाळी गर्दी जमायच्या आधी करा. आरती झाल्यावर मांडवात उभं राहून सेटिंग शोधायची वेळ आणू नका.

चित्र अडकत नाही, पण हिसके देतं

हे वेगळं दुखणं, आणि आपल्याकडे फार. आपली वीज ५० हर्ट्झची. ट्यूबलाइट लुकलुकू नये म्हणून इथले कॅमेरे सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमवर शूट करतात. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा. २५ फ्रेम ६० मध्ये समान वाटल्या जात नाहीत. काही फ्रेम दोनदा दिसतात, काही तीनदा. वरात समोरून सरकताना हा हिसका लगेच डोळ्यात भरतो. ड्रॉप झालेल्या, म्हणजे वेळेत न दाखवता गाळलेल्या, फ्रेम शून्य आणि तरीही हिसके, तर नव्याण्णव टक्के कारण हेच. मॉनिटर ५० हर्ट्झवर चालत असेल तर डिस्प्ले सेटिंगमधून तिथं आणा. एमपीसी-एचसीला फुलस्क्रीन होताना हे आपोआप बदलायला सांगता येतं. आमच्या घरी टीव्हीला जोडलेल्या मशीनवर मी ते कायमच चालू ठेवलंय.

रेंडररची उसनी सेटिंग

मॅडव्हीआर या रेंडररची सेटिंग कोणाच्या तरी गेमिंग मशीनवरून उचलायची आणि आपल्या साध्या लॅपटॉपवर लावायची, हा घाईचा रस्ता मला अजिबात पटत नाही. भारी अपस्केलिंग, म्हणजे छोटं चित्र मोठं करणं, लावलं की रेंडररला वेळेत फ्रेम मांडता येत नाही. साध्या मशीनवर एमपीसी व्हिडिओ रेंडरर ठेवा, भागतं. हळूहळू वर जायचं तर एका वेळी एकच सेटिंग बदला, आणि दर वेळी तोच दोन मिनिटांचा तुकडा चालवून ड्रॉप झालेल्या फ्रेम बघा. मी एका फोल्डरमध्ये असे तुकडे ठेवलेत: एक साधा एच.२६४, एक १०-बिट एचईव्हीसी, एक जुन्या कॅसेटवरून उतरवलेला. पाच सेटिंग एकदम बदलणाऱ्याला कशानं सुधारलं हे कधीच कळत नाही.

थोडक्यात बाकीच्या

आवाजच येत नाही: साध्या स्पीकरला बिटस्ट्रीमिंग, म्हणजे आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं, चालू ठेवलेलं असतं, ते बंद करा.

गाणी मोठ्यानं आणि बोलणं बारीक: फाइलमधला आवाज ५.१, म्हणजे सहा स्पीकरांसाठीचा आहे. एलएव्ही ऑडिओमध्ये मिक्सिंग चालू करून स्टीरिओ निवडा.

सबटायटलमध्ये नुसती प्रश्नचिन्हं: नोटपॅडमध्ये एएनएसआय म्हणून सेव्ह केलंय. अक्षरं गेली, परत येत नाहीत. पुन्हा टाइप करून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा. फाँट निर्मला यूआय ठेवा, त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत.

जुन्या लग्नाच्या कॅसेटच्या प्रतीत हलणाऱ्या कडांवर आडव्या रेघा: कॅसेट खराब नाही, चित्र इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींत साठवलेलं आहे. व्हीएलसीमध्ये डी दाबा.

मोठी फाइल पेनड्राइव्हवर जातच नाही: पेनड्राइव्ह एफएटी३२ आहे, त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. आतला डेटा आधी दुसरीकडे काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

लाईट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की अडकायला लागतं: बॅटरी सेव्हर बंद करा. ड्रायव्हर शोधत बसू नका.

सगळंच बिघडवून ठेवलं असेल तर व्हीएलसीमध्ये प्रेफरन्सेसच्या तळाशी रीसेट आहे. एमपीसी-एचसीमध्ये सेटिंग्ज आयएनआय फाइलमध्ये ठेवायचा पर्याय आहे. तो आधीच चालू करा, आणि सगळं नीट चालत असतानाच त्या फाइलची एक प्रत बाजूला काढून ठेवा.