रत्नागिरीला गाणं, नाटक, नमन बघायला जायचंय? सोलापूरकरांसाठी थोडं सविस्तर

आपल्याकडून रत्नागिरीला जाणारे बहुतेक लोक गणपतीपुळे, आरे-वारे, मासे करतात आणि परत येतात, संध्याकाळी शहरात काय चाललंय ते बघतच नाहीत. तुम्ही आधी कार्यक्रमाची तारीख पकडा आणि बाकीची ट्रिप तिच्याभोवती बसवा, समुद्र काय रोजच असतो.

पहिली पसंती थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 ला गादीवरून काढलं आणि रत्नागिरीत आणून ठेवलं, 1916 ला तो इथंच वारला. त्याच्यासाठी बांधलेल्या राजवाड्याच्या आवारात आर्ट सर्कल ही तिथली संस्था जानेवारीत संगीत महोत्सव भरवते. आपली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा संक्रांतीची, महोत्सव बहुतेक वेळा त्याच्यानंतर, त्यामुळं दोन्ही जमतं. डिसेंबरातच संस्थेचं फेसबुक पेज बघायला लागा. आणि कोकणात कुठली थंडी म्हणून नुसत्या शर्टावर जाऊ नका, बैठक उघड्यावर असते, रात्री दव पडतं, घरातली एक चादर गाडीत टाकाच. वेळेच्या अर्धा तास आधी जाऊन बसा म्हणजे वाद्यं लावताना ऐकायला मिळतं, तानपुरा जुळत जुळत एकदा बरोबर लागला की सगळं आवार गप्प होतं, ते चुकवू नका.

नाटकवाल्यांनी स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहावर लक्ष ठेवायचं. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी आपल्याकडं हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात बघता ना, तशीच तिथंही होते, साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात, आणि तिकीट अगदी किरकोळ असतं.

पण मला विचाराल तर खरी मजा गावातल्या नमनाची, म्हणजे कोकणातल्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्याची. शिमग्याच्या आसपास जा. रात्री जेवणं झाली की मृदंग सुरू होतो, आधी गण, मग गवळण, मग वगनाट्य, पहाट कधी होते कळत नाही. मध्येच संकासुराचं सोंग येतं, काळा झगा, डोक्यावर उंच टोकदार टोपी, कमरेला घुंगरं, आणि ते असं उड्या मारत सुटतं की पुढं बसलेली पोरं किंचाळत मागं सरकतात. याचं बुकिंग वगैरे काही नसतं, उतरलाय त्या घरी, रिक्षावाल्याला, चहाच्या टपरीवर सरळ विचारायचं, "आज जवळपास नमन कुठं आहे ओ?" कोणीतरी सांगतंच. तिथं आपण पाहुणे असतो, म्हणून व्हिडिओ काढायच्या आधी विचारा आणि आवडलं तर बक्षीस द्या.

गणपतीत गेलात तर जाखडी हा नाच बघा. मध्ये गाणारा आणि ढोलकी, भोवती पायात चाळ बांधून नाचणारे, आणि शक्तीवाले-तुरेवाले असे दोन पक्ष एकमेकांना गाण्यातून कोडी घालतात. शाहीर राम जोशींच्या सोलापुरातल्या माणसाला सवाल-जवाब काही नवीन नाहीत, त्यामुळं आपल्याला ते पटकन कळतं. दशावतार हे लोकनाट्य मात्र खाली सिंधुदुर्गात, दिवाळीनंतरच्या जत्रांत, त्यासाठी वेगळी ट्रिप काढा.

जायचं कसं तर रत्नागिरी-नागपूर हायवेनं, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट उतरून साखरपा. सकाळी लवकर निघा म्हणजे घाट उजेडात होतो. एसटीनं जाणार असाल आणि थेट गाडीची वेळ जमत नसेल तर कोल्हापूरला बदला.

कार्यक्रम संपल्यावर रात्रीच परत निघायचा विचार अजिबात करू नका, ड्रायव्हरनंही गाणं ऐकलेलं असतं, त्यालाही झोप आलेली असते. लॉज शहरातच घ्या, गणपतीपुळ्याला नको, आणि 26 जानेवारीची सुट्टी जोडून येत असेल तर खोली महिनाभर आधी सांगून ठेवा.