वाफा सपाट करायचे दिवस

माझे वडील वाडीत वाफा सपाट झाला की नाही ते पाण्यालाच विचारायचे. फावड्याने माती ओढून झाली की पाटाचं तोंड जरासं उघडायचे आणि उकिडवे बसून पाणी कुठे अडतंय ते बघत राहायचे. डोळ्याला जमीन सरळच दिसते, पण बोटभर उंचवटा कुठे राहिलाय ते पाणी बरोबर दाखवतं. त्या उंचवट्यावरची मेथी सगळ्यात आधी पिवळी पडते.

नाताळआधीच्या तयारीच्या दिवसांना आम्ही आगमनकाळ म्हणतो. त्याच्या दुसऱ्या रविवारी दरवर्षी बाप्तिस्मा करणारा योहान शुभवर्तमानात येतो आणि परमेश्वराची वाट तयार करा म्हणतो. ते शब्द मुळात बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या ४०व्या अध्यायातले. खोरी भरून काढा, डोंगर-टेकड्या खाली आणा, वाकडं ते सरळ करा. लहानपणी हे ऐकलं की मला तुंगारेश्वरचा डोंगर दिसायचा आणि तो कोण खाली आणणार असा प्रश्न पडायचा. आता आमचा वाफा दिसतो, आणि प्रश्न तेवढा अवघड वाटत नाही.

मी वसईचा. ३२ वर्षं बँकेत कारकुनी केली, आता वाडी बघतो. धर्मशास्त्र शिकलेलो नाही. नाताळ येतो, करंज्या-कलकल संपतात, तारा उतरवून माळ्यावर जातो आणि आत काहीच हललेलं नसतं, असं माझं बरीच वर्षं झालं. त्यानंतर हळूहळू जे जमत गेलं ते सांगतो.

पहिलं काम कॅलेंडरचं. संत आंद्रियाचा सण ३० नोव्हेंबरला असतो. त्याच्या सगळ्यात जवळचा रविवार तो आगमनकाळाचा पहिला. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला येतो. चार रविवार मिळतात, पण चार आठवडे मिळतीलच असं नाही. २०२३ मध्ये नाताळ सोमवारी होता, म्हणजे सकाळी चौथा रविवार आणि रात्री नाताळची मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य उपासना. पुढच्या आठवड्यात सुरू करू म्हणणाऱ्यांचं त्या वर्षी हसं झालं. त्यात मीही होतो. म्हणून आधीच्या शनिवारी रात्री घरच्यांना एकत्र बसवा आणि या दिवसांत आपण काय कमी करणार ते ठरवा. वाढवायचं काय ते ठरवू नका. रोज तीन अध्याय, रोज पूर्ण रोझरी म्हणजे जपमाळ, रोज पहाटेची मिस्सा असले संकल्प मी केलेत आणि ते संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला, म्हणजे ३ डिसेंबरला, आटोपलेत.

आमच्या घरी कमी होतो तो आवाज. जेवताना टीव्ही बंद. देवळातही या दिवसांत रविवारच्या मिस्सेत गौरवगीत गात नाहीत, धर्मगुरूंचा झगा जांभळा असतो. देऊळच हात आखडता घेतं, तर घरात १ डिसेंबरपासून नाताळची गाणी कशाला वाजवायची? यावर माझं आणि मुलाचं दरवर्षी वाजतं. तो म्हणतो, दुकानांत तर नोव्हेंबरपासूनच लावतात. मी म्हणतो, दुकानाला विकायचं असतं.

मग आगमनकाळाचं पुष्पचक्र, म्हणजे चार मेणबत्त्या लावलेलं फांद्यांचं कडं. ही मूळची जर्मन पद्धत. १८३९ मध्ये हांबुर्गला योहान विखर्न नावाच्या पाळकाने अनाथ मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, कारण नाताळ कधी येणार असं विचारून मुलं त्याला भंडावून सोडायची. आपल्याकडे पाइनच्या फांद्या कुठून आणायच्या? आम्ही किनाऱ्यावरून सुरूच्या गळून पडलेल्या फांद्या आणतो आणि स्टीलच्या परातीत गोल मांडतो. मेणबत्त्या तीन जांभळ्या, एक गुलाबी. जांभळ्या नाही मिळाल्या तर पांढऱ्यांना जांभळी फीत बांधा. गुलाबी तिसऱ्या रविवारची, त्या दिवशी आनंदाला थोडी सूट असते. सुरू वाळला की भुरकन पेटतो, म्हणून दर रविवारी फांद्या बदला. एका वर्षी तिसऱ्या आठवड्यात आमच्या टेबलक्लॉथला भोक पडलं, ते अजून आहे.

मेणबत्ती लावल्यावर काय करायचं? वीज घालवा, त्या दिवसाच्या वाचनातल्या दोनच ओळी कोणीतरी वाचा आणि दोन मिनिटं गप्प बसा. दोन मिनिटं फार लांब असतात, करून बघा. लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात योहानाचा बाप जखऱ्या गब्रीएल दूतावर विश्वास ठेवत नाही आणि त्याची वाचा जाते, ती थेट मूल जन्मून त्याचं नाव पाटीवर लिहून देईपर्यंत. मला पूर्वी ती शिक्षा वाटायची. आता वाटतं, बोलणं बंद झाल्यामुळेच त्याला बायकोचं, अलीशिबेचं, ऐकू आलं असेल.

नोकरीला जाणाऱ्यांना घरी वेळ मिळत नाही, हे मला माहीत आहे. मी विरार लोकलने चर्चगेटला जायचो. नायगाव सुटलं की खाडीचा पूल लागतो, मध्ये पाणजू बेट, मग भाईंदर. तेवढ्या मिनिटांचा मी नियम केला होता. मोबाइल खिशात, डोळे पाण्यावर आणि मनाशी एकच प्रश्न: काल कोणाला टाळलं? गर्दीत हात वर अडकलेला असला तरी हा प्रश्न विचारता येतो. येताना त्याच पुलावर त्या माणसासाठी एक ‘नमो मरिया’ प्रार्थना. वर्षातले अकरा महिने मी तिथे पेपर वाचायचो, तो वेगळा हिशेब.

माझ्याकडून त्या प्रश्नाचं उत्तर बरीच वर्षं एकच यायचं: धाकटा भाऊ. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, पाण्याच्या पाळीवरून आमचं बिनसलं होतं. शब्द गेले आणि मग सात वर्षं बोलणं बंद. दोघांच्या वाड्यांत एकच बांध, एकाच देवळात मिस्सा. तो उजवीकडे बसायचा म्हणून मी डावीकडे. वडिलांच्या भाषेत हा उंचवटा होता, आणि मी त्याच्याभोवती फुलं लावत होतो: दानधर्म, नऊ दिवसांची नोव्हेना प्रार्थना, नाताळच्या गोठ्याच्या देखाव्याची वर्गणी.

पापनिवेदनाला, म्हणजे धर्मगुरूंपुढे आपली पापं सांगायला, गेलो तेव्हा धर्मगुरूंनी प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना दिली नाही. म्हणाले, नाताळच्या आधी त्याच्या दारात एकदा उभे राहा, काय बोलायचं ते ठरवून जाऊ नका. मी केळीचा एक घड घेऊन गेलो. त्याने तो घेतला, ओट्यावर ठेवला, म्हणाला, “बस.” चहा झाला. पावसाबद्दल बोललो. माफीचा शब्द कोणीच काढला नाही आणि अजूनही काढलेला नाही. पण त्या जानेवारीपासून पंप कधी लावायचा ते आम्ही फोन करून एकमेकांना सांगतो. एवढंच. शुभवर्तमानातल्या उधळ्या पुत्रासारखी मिठी वगैरे होईल या आशेने जाऊ नका. नाही झाली तर तुम्ही चिडून परत याल.

पापनिवेदनासाठी शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. तेव्हा रांग दारापर्यंत जाते, गुडघे दुखतात आणि आपण ठरलेली चार पापं ठरलेल्या क्रमाने म्हणून मोकळे होतो. दुसऱ्या आठवड्यात एखाद्या साध्या दिवशी संध्याकाळी जा. आदल्या रात्री कागद घेऊन बसा. मी काय केलं याच्या आधी मी काय करायचं टाळलं ते लिहा. माझ्या कागदावर ते नेहमी जास्त भरतं. कागद नंतर मेणबत्तीवर जाळा.

योहानाला लोक विचारतात, मग आम्ही काय करावं? तो उपास सांगत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एकही नसलेल्याला एक द्यावा, म्हणतो. जकातदारांना ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका, म्हणतो. तेव्हा एका रविवारी कपाट उघडा. विटलेले, बटण तुटलेले कपडे देणं म्हणजे कपाट साफ करणं. जो शर्ट देताना हात अडखळतो तो द्या. मी एकदा निवृत्तीला मिळालेला ब्लेझर द्यायला काढला आणि दोनदा परत टांगला. तिसऱ्यांदा गेला.

बायकांबद्दल एक बोललंच पाहिजे. आमच्या घरी एकदा मी मेणबत्ती लावून सगळ्यांना हाका मारत होतो, तर स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला, “तुमचं आगमन टेबलावर, माझं ओट्यावर!” ती तेव्हा एकटी तीन किलो मैद्याच्या कलकल वळत होती. त्या दिवसापासून प्रार्थनाच ओट्याजवळ गेली. आता सगळे फणीवर कलकल वळतात आणि रोझरी तोंडाने चालते. माझ्या कलकल जाड होतात, आत कच्च्या राहतात, पण एका बाईच्या पाठीवर उभी राहिलेली घरातली भक्ती मला यापुढे नको.

लहान मुलांसाठी पेंढा. रिकामी गव्हाण पहिल्याच रविवारी मांडा आणि शेजारी पेंढ्याचे तुकडे ठेवा. कोणाला न सांगता एक चांगलं काम केलं की एक काडी गव्हाणीत. नातीने पहिल्याच दिवशी मूठभर टाकला. विचारलं तर म्हणाली, उद्याचीपण कामं आत्ताच टाकली. मी काही बोललो नाही, माझीही पापनिवेदनाची पद्धत बरीच वर्षं तीच होती.

१७ डिसेंबरपासून उपासनेचा सूर बदलतो. त्या दिवशी मिस्सेला मत्तयातली येशूची वंशावळ वाचतात, निम्मे लोक तेव्हा घड्याळ बघतात. कान द्या. तामार, राहाब, रूथ, उरीयाची बायको, अशी नावं त्यात आहेत, जी कोणत्याही प्रतिष्ठित घराण्याने गाळली असती. त्या रात्री आपल्या घरात ज्यांचं नाव काढायचं नाही असं ठरलेलं असतं, त्यांची नावं घेऊन प्रार्थना करा. त्याच दिवसापासून २३ पर्यंत संध्याकाळच्या प्रार्थनेत रोज एका नावाने ख्रिस्ताला हाक मारतात: ज्ञान, प्रभू, इशायाचा अंकुर, दावीदाची किल्ली, उगवता सूर्य, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. लॅटिनमध्ये ही नावं शेवटाकडून घेतली तर आद्याक्षरांचं ‘एरो क्रास’ होतं, म्हणजे ‘उद्या मी असेन’. झोपताना त्या दिवसाचं एक नाव घ्यायचं, बस. दमलेल्या माणसाला तेवढं पुरतं.

२४ तारखेला नवीन काही सुरू करू नका. दुपारी अर्धा तास आडवे व्हा, नाहीतर रात्री प्रवचनात डुलक्या येतात. गोठ्यातली गव्हाण मिस्सेहून येईपर्यंत रिकामीच ठेवा. आमचा बाळ येशू तोवर कपाटात कापसात असतो. आणि त्याला गव्हाणीत कोणी ठेवायचं ते आधीच ठरवा. नाहीतर रात्री एक वाजता नातवंडांत भांडण लागतं. गेल्या वर्षी लागलं, दोघांनी एकेक पाय धरला होता.