टायरचा साइझ बदलला, आता स्पीडोमीटर जुळवताना या चुका टाळा

रुंद टायर बसवले की पहिल्या दिवशी गाडी देखणी दिसते आणि पंधरा दिवसांनी तक्रार सुरू होते, ‘ॲव्हरेज पडलं हो!’ थोडं पडतंही, पण पुष्कळदा इंधनाइतकाच दोष मोजणाऱ्याचा असतो. मीटर चाकाचे फेरे मोजतो, रस्ता नाही. चाक मोठं झालं की तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त पुढे जाते आणि मीटरला त्याचा पत्ताच नसतो.

बहुतेकांची गल्लत टायरवरचे आकडे वाचताना होते. २०५/५५ आर १६ काढून २२५/५५ आर १६ घेतला, ‘५५ तर तेच आहे, उंची कुठे वाढली?’ असं वाटतं. पण मिलिमीटर असतात ते पहिल्या आकड्यातल्या रुंदीचे; ५५ म्हणजे साइडवॉलची, टायरच्या उभ्या कडेची, उंची त्या रुंदीच्या किती टक्के ते. रुंदी वाढली की साइडवॉलही वाढते. पहिल्या टायरचा व्यास साधारण ६३२ मिमी, दुसऱ्याचा ६५४. म्हणजे साडेतीन टक्के फरक. उलट २२५/४५ आर १७ हा मोठ्या रिमवरचा टायर ६३४ मिमीच भरतो. तो बसवून मीटर जुळवायला धावणारे लोक आहेत. त्यांनी पैसे वाचवावेत.

गणित सोपं आहे: मीटर पूर्वी बरोबर होता असं धरलं तर खरा वेग म्हणजे नवा व्यास भागिले जुना व्यास, गुणिले मीटर आता दाखवतो तो वेग. भागाकार उलटा केला तर चूक दुरुस्त होण्याऐवजी दुप्पट होते. तोंडी ताळा एवढाच: टायर मोठा असेल तर काटा पूर्वीपेक्षा कमी दाखवणार.

आता खरी गोम. मीटर मुळातच थोडा जास्त वेग दाखवतो, आणि हे मुद्दाम केलेलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. ३९ नुसार दाखवलेला वेग खऱ्यापेक्षा कमी असता कामा नये. जास्त मात्र खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किमी इतका चालतो. म्हणजे खरे १०० असताना ११४ पर्यंत मुभा. समजा तुमचा मीटर १०० ला १०५ दाखवत होता. साडेतीन टक्के मोठे टायर आले, आता तो १०१ च्या आसपास दाखवेल. मोबाइलच्या जीपीएसशी ताडून पाहिलं की वाटतं, वा, मीटर तर सुधारला! पण ओडोमीटरला, म्हणजे एकूण धावलेले किलोमीटर लिहिणाऱ्या मीटरला, ती वाढीव सूट सहसा दिलेली नसते. तो आता खऱ्या १००० किलोमीटरचे ९६६ लिहितो, आणि सर्व्हिस लांबते. म्हणून वेग आणि अंतर दोन्ही वेगवेगळे तपासा. अंतरासाठी सरळ हमरस्त्यावरचे किलोमीटरचे दगड सर्वांत भरवशाचे. निदान दहा-वीस किलोमीटर तरी मोजा.

जीपीएसवर वेग बघताना सपाट रस्ता आणि स्थिर वेग हवा. वेग वाढवत असताना जीपीएस मागे राहतं. आकडा शेजारी बसलेल्याने वाचायचा, हे सांगायला नकोच. आणि जमलं तर हे माप टायर बदलण्याआधीही घेऊन ठेवा. नाहीतर मूळची चूक किती आणि टायरची किती, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

काटा उपटून थोडा पुढे-मागे बसवणं हा जुना जुगाड. तो करू नका. टायरची चूक टक्क्यात असते: ५० ला पावणेदोन, १०० ला साडेतीन. काटा सरकवला तर सगळीकडे सारखाच फरक पडतो, एका वेगाला बरोबर आणि बाकी सगळीकडे चूक. ओडोमीटर तर जागचा हलतही नाही.

केबलच्या जुन्या गाडीत गिअरबॉक्समधलं प्लास्टिकचं छोटं चक्र बदलतात. चाक ५ टक्के मोठं झालं असेल, तर केबल फिरवणारं २१ दात्यांचं चक्र काढून २० दात्यांचं घालायचं, म्हणजे केबल तेवढ्याच प्रमाणात जास्त जोरात फिरते. दाता अर्धा मिळत नाही, त्यामुळे नेमकं जुळेलच असं नाही. अशा वेळी काटा किंचित जास्त दाखवेल अशी बाजू घ्या. काटा थरथरत असेल तर मात्र टायरला दोष देऊ नका, केबल कोरडी पडलीय किंवा मुरगळलीय.

सेन्सरच्या गाडीत स्कॅनरने, म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडायच्या यंत्राने, चाकाचा परीघ भरता येतो, जिथे कंपनीने तशी सोय ठेवली आहे तिथे. इथे व्यास गुणिले ३.१४ करून आकडा टाकू नका. वजनाखाली टायर दबतो. रेडियल टायरला (साइझमधला ‘आर’ तोच) व्यास ३.०५ ने गुणणं वास्तवाच्या जवळ जातं. त्याहून चांगलं म्हणजे नेहमीची हवा भरून, माणूस आत बसवून, टायरवर खडूने खूण करा, गाडी पाच फेरे ढकला, अंतराला पाचने भागा. स्कॅनरने आकडा भरताना बॅटरीला चार्जर लावलेला असू द्या आणि जुनी मूल्यं आधी उतरवून घ्या.

पुढचे दोन टायर एका व्यासाचे आणि मागचे दुसऱ्या, असं झालं तर एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागू शकतो. मीटर जुळवून तो जाणार नाही. गाडी मुळात सारख्याच चाकांची असेल तर चारही टायर सारखे करा.

सगळं जुळल्यावर काही महिन्यांनी मीटर पुन्हा चुकायला लागला, तर आधी आठवा: मधे वर्कशॉपमध्ये सॉफ्टवेअर अपडेट झालं होतं का? त्यात परीघ मूळच्या आकड्यावर परत गेलेला असू शकतो. म्हणून तुमचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून गाडीच्या कागदांसोबत ठेवा.