बेटावरची वाळू ऋतू नेतो की बांधकाम? दोन काठ्यांनी पुळण मोजण्याची पद्धत

उष्ण कटिबंधातल्या बेटांवर वाळू मुळातच फिरती असते. मालदीवमध्ये नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत बेटाच्या एका अंगाला साचलेली वाळू ईशान्य वाऱ्यांत दुसऱ्या अंगाला जाते. म्हणून एका भेटीत किनारा खचलेला दिसला तरी लगेच किनाऱ्यावरच्या संरक्षक भिंतीला किंवा वाळूउपशाला दोष देऊ नये. आधी मोजावं. सागरी भूशास्त्रज्ञ के. ओ. एमरी यांनी १९६१ मध्ये मांडलेली पद्धत त्यासाठी पुरेशी आहे.

दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या घ्या. वरच्या टोकाला शून्य धरून खाली दर सेंटिमीटरला खूण करा. बुडाला सारख्याच जाडीच्या छोट्या फळ्या ठोका, नाहीतर काठी मऊ वाळूत रुतते. एका टप्प्यात, म्हणजे दोन काठ्यांमधल्या एका मोजणीत, सेंटिमीटरभर चूक झाली आणि ती एकाच दिशेने होत राहिली, तर वीस टप्प्यांत वीस सेंटिमीटर होते. सोबत न ताणणारी दीड मीटर दोरी हवी.

झाडोऱ्यामागे, लाट पोहोचणार नाही अशा जागी पक्की खूण करा, आणि तिच्या मागे आणखी एक. एकच खूण माडावर केली आणि तो माड पडला, तर आधीची सगळी मोजणी वाया जाते. दोन खुणांमुळे दरवेळी रेषेची दिशाही तीच राहते.

पहिली काठी खुणेपाशी आणि दुसरी दोरीच्या अंतरावर समुद्राकडे, दोन्ही ओळंब्यात उभ्या करा. दोरी आडवी ताणलेली हवी. उतार समुद्राकडे असेल तर जमिनीकडच्या काठीमागून बघा. पुढच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आलं की ती रेषा आपल्या काठीवर कुठे येते ते वाचा. १२ आलं तर उणे १२ लिहा. पुढची वाळू उंच असेल तर जवळच्या काठीच्या टोकावरून क्षितिज बघा, आकडा पुढच्या काठीवर वाचा आणि अधिक लिहा. मग मागची काठी पुढच्या काठीच्या जागी आणा, दुसरी आणखी पुढे न्या, आणि असंच पाण्यापर्यंत जा. सर्वांत जास्त घोटाळे या चिन्हांतच होतात. ती जागेवरच लिहा, घरी आठवून नाही. समोरच्या बेटामुळे क्षितिज झाकलं असेल तर गवंड्यांची पाण्याची नळी वापरा.

दर महिन्याला, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराच्या मोठ्या ओहोटीला मोजा. तुलना मात्र याच महिन्याची गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. खुणेपासूनचे आकडे चिन्हासकट एकात एक मिळवत गेलं की प्रत्येक टप्प्याची उंची मिळते; ती मीटरमध्ये घ्या. दोन वर्षांच्या उंचीतला प्रत्येक टप्प्यावरचा फरक गुणिले १.५ मीटर, अशी बेरीज केली की किनाऱ्याच्या दर मीटर लांबीमागे किती घनमीटर वाळू गेली ते कळतं.

रेषा कुठे घ्यायच्या, यावरच निष्कर्ष अवलंबून असतो. भिंतीसमोर एक, तिच्या दोन्ही टोकांपलीकडे एकेक, आणि बांधकामापासून लांब एक. भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू ओढते, टोकांपाशी किनारा खचून आत सरकतो. बोटींचा धक्का किनाऱ्यापासून समुद्रात आडवा गेलेला असेल तर वाळू एका बाजूला साठते, दुसरीकडे तुटते. सगळ्याच रेषा वर्षानुवर्षं खाली जात असतील तर उपसा झालाय का ते पाहा, आणि प्रवाळही तपासा: पांढरी वाळू म्हणजे बरीचशी प्रवाळाचा, शिंपल्यांचा आणि चुनखडी शेवाळांचा चुरा. पोपटमासे प्रवाळ कुरतडून तीच वाळू बाहेर टाकतात. प्रवाळ मेलं, मासे उपसले, की नव्या वाळूचा पुरवठा आटतो.