मुक्कामी ट्रेकचा शिधा : या चुका टाळा

बेळगाव-खानापूरकडची पोरं राजहंसगड, महिपाळगड करून थांबत नाहीत आता. कुणी वनखात्याची परवानगी काढून कणकुंबी-जांबोटीच्या रानात शिरतं, कुणी चंदगडच्या अंगानं पारगड, कलानिधीगड जोडून दोन-तीन मुक्काम करतं. पाय तयार असतात, बूटही चांगले असतात. हाल होतात ते खाण्यावरून. पहिल्या दिवशी सॅक उचलत नाही आणि तिसऱ्या दिवशी तिच्यात खाण्यासारखं काही उरत नाही. दोन्हीमागे बहुतेक वेळा एकच कारण असतं. शिधा घेताना आपण चव बघतो, किंमत बघतो; त्यात पाणी किती आणि तो शिजायला इंधन किती, हे बघत नाही.

पाणी पाठीवरून वाहणं

शिजलेल्या भातात सुमारे दोन भाग पाणी आणि एक भाग तांदूळ असतो. शंभर ग्रॅम बटाट्यात ऐंशीच्या आसपास ग्रॅम पाणीच. डबाभर पुलाव, दहीभात, कांदे-बटाटे घेऊन निघालेला माणूस चढावर प्रामुख्याने पाणी वाहत असतो, आणि तेही उन्हात आंबणारं. पहिल्या दुपारचा डबा घरून न्या, जरूर न्या. त्यापुढचं सगळं कोरडं हवं.

माणशी दिवसाला 600 ते 700 ग्रॅम कोरडा शिधा बहुतेकांना पुरतो, मात्र तो नीट निवडलेला हवा. शंभर ग्रॅम पोह्यांत 350 च्या आसपास कॅलरी, गुळात 380, शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर आणि तुपात 900 च्या घरात. म्हणजे वजन न वाढवता ताकद वाढवायची तर शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं आणि छोट्या बाटलीत तूप. पूर्ण दिवस चालायचं तर अडीच-तीन हजार कॅलरी लागतात. नुसत्या पोहे-रव्यावर हा हिशेब बसत नाही.

चिरमुऱ्यांबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. वजनाला हलके म्हणून पिशवीभर घेतात, पण पाव किलोत सॅकचा एक अख्खा कप्पा जातो आणि दमट हवेत एका रात्रीत सादळतात. पोहे घ्या. वजन तेवढंच, जागा कितीतरी कमी.

महागड्या पाकिटांवर भिस्त ठेवणं

‘गरम पाणी ओता आणि खा’ म्हणणारी तयार पाकिटं वाईट नसतात. पण तिघांच्या तीन दिवसांचा खर्च मांडून बघा, कॉलेजच्या पोरांना तो झेपणारा नाही. एका पाकिटाच्या पैशात अर्धा किलो पोहे, पाव किलो शेंगदाणे आणि गुळाचा खडा येतो. बेळगावच्या रविवार पेठेत एकदा चक्कर मारली की सगळा शिधा हातात.

तीच सोय घरी करता येते. उपम्याचं कोरडं मिश्रण घ्या. दोन वाट्या बारीक रवा मंद आचेवर खमंग भाजून बाजूला काढायचा. तीन चमचे तेलात मोहरी, हिंग, उडदाची डाळ, मोडलेली सुकी मिरची आणि शेंगदाणे टाकायचे. कढीपत्ता शेवटी, आणि तो पापडासारखा चुरला जाईपर्यंत तळायचा. इथेच बहुतेकांचं चुकतं. पान जरा जरी मऊ राहिलं, तर त्याच्या ओलाव्यानं अख्खी पुडी कुबट होते. मग रवा परत घालायचा, मीठ टाकायचं आणि पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत भरायचं. कोमट असताना तोंड बांधलं की आतून घाम धरतो. रानात एका वाटी मिश्रणाला अडीच वाट्या उकळतं पाणी घालायचं, झाकण ठेवून सात-आठ मिनिटं थांबायचं. कांदा-टोमॅटो नाही, ओलं खोबरं तर नकोच.

हे मिश्रण जायच्या आधी घरी एकदा खाऊन बघा, तेही पातेल्यात न शिजवता, नुसतं पाणी ओतून. रवा जाड निघाला तर तो दाताखाली कचकचतो, आणि हे कणकुंबीच्या पुढे गेल्यावर कळून उपयोग नाही.

इंधनाचा हिशेब न करणं

तूरडाळ स्वस्त, हलकी, पौष्टिक, सगळं खरं. पण कुकरशिवाय ती शिजेपर्यंत पाऊण तास जातो आणि गॅसचा छोटा डबा निम्मा संपतो. डाळ हवीच असेल तर मूगडाळ भाजून तिची भरड काढून न्या. उकळत्या पाण्यात थोड्या वेळात शिजते, आणि त्यात मेतकूट व चमचाभर तूप घातलं की रात्रीचं जेवण होतं.

लोंडा किंवा कॅसलरॉककडे रेल्वेनं जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, गॅसचे सिलिंडर प्रवासी गाडीत नेता येत नाहीत. आणि भीमगडसारख्या अभयारण्यात चूल पेटवायचा विचारही मनात आणू नका. फेब्रुवारीपासून पालापाचोळा वाळलेला असतो, एका ठिणगीत रान पेटतं. तिथे न शिजवता खायचं जेवणच न्यायला हवं, आणि त्या बाबतीत आपला भाग श्रीमंत आहे.

ज्वारीची खडक भाकरी नीट वाळवलेली असेल तर आठवडाभर सहज टिकते. सॅकमध्ये तिचे तुकडे होतील म्हणून लोक ती टाळतात. होऊ देत तुकडे. चपट्या डब्यात भरा, वर शेंगा चटणी, कारळाची किंवा जवसाची चटणी, त्यावर थोडं तेल. गव्हाच्या पिठाच्या दशम्या, तिखट-मिठाच्या पुऱ्या दुसऱ्या दिवसापर्यंत चालतात. आणि नागपंचमीला करतो ते तंबिटाचे लाडू! भाजलेलं पीठ, गूळ, तूप. चालता चालता खायला याहून सोयीचं काही मला माहीत नाही. ते फक्त सणापुरते ठेवण्याचं काही कारण नाही.

गोड नेताना कुंदा घरी ठेवा. तो दुधाचा, उन्हात त्याचा भरवसा नाही. गोकाकचा करदंट न्या: गूळ, डिंक, खोबरं, सुका मेवा. तो महाग वाटला तर घरची शेंगदाण्याची चिक्की.

तिखट जास्त, मीठ-पाणी कमी

संकेश्वरी मिरचीची चटणी आपला जीव की प्राण. पण मार्च-एप्रिलमध्ये खानापूरच्या रानातले बरेच ओहळ आटतात, आणि जळजळीत जेवणानंतर लिटरभर पाणी जास्त लागतं. रानात नेण्याच्या चटणीत मिरची निम्म्यावर आणा. आमसुलं, गूळ, मीठ बरोबर ठेवा. घामानं गेलेलं मीठ भरून काढायला हे सरबत स्वस्तातलं आणि वजनाला काहीच नाही.

ओहळाच्या पाण्यात थेट पोहे भिजवण्याची चूक तर फार सर्रास होते. न शिजवता खायचं म्हणजे त्यातलं पाणीही न उकळलेलं. आधी क्लोरीनच्या गोळीनं, तिच्यावर लिहिलेला वेळ पाळून, पाणी शुद्ध करा, मग पोहे भिजवा.

वाटेतल्या गावावर विसंबणं

पारगडावर वस्ती आहे. आधी निरोप देऊन, पैसे ठरवून भाकरी-पिठलं मिळालं तर एका वेळचा शिधा कमी न्यावा, त्यात दोघांचाही फायदा. पण गवाळी, पास्टोली, कोंगळा यांसारख्या रानातल्या गावांची गोष्ट वेगळी. पावसाळ्यात त्यांचाच संपर्क तुटतो आणि त्यांनी महिनोन् महिन्यांची बेगमी करून ठेवलेली असते. मिळेल काहीतरी, म्हणून अचानक दारात उभं राहू नका. ती माणसं नाही म्हणणार नाहीत, आणि म्हणूनच त्यांच्यावर ती वेळ आणायची नाही.

वाटेत अडलं तर

दुसऱ्या दिवशी दुपारीच पाय गळून गेले, तर बहुधा सकाळी नुसते नूडल्स खाल्लेले असतात. 70 ग्रॅमच्या पाकिटात तीनशेच्या आसपास कॅलरी, दोन तासांत भूक. मूठभर शेंगदाणे आणि गूळ लगेच खा, आणि पुढच्या वेळी नूडल्समध्ये भिजवलेले सोयाबीनचे वडे घाला.

पोट साफ होत नसेल तर रवा-मैदा जास्त आणि पाणी कमी झालंय. रात्री मूठभर मनुका भिजवून सकाळी पाण्यासकट खा.

पुडी फुगलेली दिसली किंवा शेंगदाणे, खोबरं खवट लागलं, तर चव घेत बसू नका. बांधून परत आणा, रानात फेकू नका. वानरांना एकदा सवय लागली की पुढच्या माणसाच्या हातातून पिशवी जाते. या पट्ट्यात अस्वलंही आहेत. उरलेलं अन्न तंबूत उशाशी ठेवायचं नाही, घट्ट बांधून झोपायच्या जागेपासून लांब, उंच फांदीला टांगायचं.

गॅस मध्येच संपला तर उपम्याचा रवा गार पाण्यात भिजवून खाऊ नका, कच्चट लागतो आणि पोटात जड होतो. अशा वेळेसाठी एका जेवणाचे पोहे आणि डाळं वेगळ्या पुडीत, सॅकच्या तळाशी ठेवा, आणि एरवी उतरून डांबरी रस्त्याला लागेपर्यंत त्या पुडीला हात लावू नका.